नाव न विचारणारे टेबल : इराणी उपाहारगृहे आणि महाराष्ट्रातील सार्वजनिक खानपान

प्रस्तावना

परमुलखात जाऊन उपाहारगृह चालविणाऱ्या माणसांचा इतिहास आपल्याकडे बहुधा एकाच दिशेने लिहिला जातो. भारतीय माणूस बाहेर गेला, त्याने तेथे आपल्या चवीचे अन्न शिजविले आणि परक्यांना ते खाऊ घातले, ही ती दिशा होय. शेख दीन महंमद यांनी १८१० साली लंडनमध्ये 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' उघडले आणि दोनच वर्षांत ते दिवाळखोरीत निघाले, ही हकिकत या इतिहासाच्या आरंभी हमखास येते. याउलट परमुलखातील माणसे आपल्याकडे आली, त्यांनी येथे टेबल-खुर्च्या मांडल्या आणि येथील माणसांना एकमेकांशेजारी बसविले, या घटनेकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेले नाही. मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलांविषयी मराठीत व इंग्रजीत लिहिले गेले ते बहुतांशी आठवणींच्या अंगाने. मस्का-पाव, संगमरवरी टेबल, गोल बैठकीच्या लाकडी खुर्च्या आणि गल्ल्यावरचा वृद्ध इराणी एवढ्यावर ते लेखन विसावते.

प्रस्तुत निबंधाचा विषय चव नाही. एका टेबलावर कोण बसू शकत होते, आणि का, हा आहे. नशिराबादसारख्या गावात राहणाऱ्या अभ्यासकाने मुंबईच्या हॉटेलांवर का लिहावे, असा प्रश्न संभवतो. नशिराबाद हे जळगाव आणि भुसावळ यांच्यामधील, एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले जुने बाजारगाव. भादलीचे रेल्वे स्थानक तेथून जवळ. १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबईला जोडलेल्या खानदेशातील माणूस शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी, गिरणीत कामासाठी मुंबईला जाऊ लागला. गावात ज्याला कोणत्या ओट्यावर बसावे आणि कोणत्या बसू नये हे लहानपणापासून पाठ होते, तो माणूस बोरीबंदरला उतरल्यावर चहा कोठे पीत होता, हा प्रश्न म्हणूनच खानदेशच्या सामाजिक इतिहासाचाही आहे.

यझ्दहून मुंबईकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इराणातील यझ्द आणि केरमान या प्रदेशांतून बरीच झरतुष्ट्री कुटुंबे पश्चिम भारतात आली. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेत स्थायिक झालेल्या पारशांहून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना 'इराणी' म्हटले जाऊ लागले. १८७०-७२ चा भीषण दुष्काळ हे स्थलांतराचे एक कारण होते. परंतु त्याहून जुने कारण त्यांच्या गावांतील जगण्यातच होते. यझ्दमधील झरतुष्ट्री हे तेथील कर्मठांच्या दृष्टीने 'नजिस', म्हणजे अपवित्र होते. त्यांनी रंगीत वस्त्रे घालू नयेत, मुसलमानासमोरून जनावरावर स्वार होऊन जाऊ नये, बाजारातील खाद्यपदार्थांना हात लावू नये, ओल्या अंगाने कोणाला विटाळ होऊ नये म्हणून पावसात बाहेर पडू नये, असे निर्बंध त्यांच्यावर होते. त्यात जिझिया कराची भर. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना आपले प्रतिनिधी म्हणून इराणात पाठविले. त्यांच्या व इतरांच्या दीर्घ खटपटीनंतर नासिरुद्दीन शाहने १८८२ साली हा कर रद्द केला.

ओल्या अंगाचा विटाळ, वाण्याच्या मालाला लागलेला हात ही वर्णने महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. जो समाज आपल्या देशात बाजारातील फळाला स्पर्श करू शकत नव्हता, त्याच समाजातील माणसे मुंबईत येऊन सर्वांना हाताने चहा-पाव देऊ लागली. या योगायोगाकडे आठवणीपर लेखनाने लक्ष दिलेले नाही. त्यावरून इराण्यांनी समतेचे व्रत घेऊन हॉटेले काढली, असा अर्थ मात्र काढू नये. ते धंद्यासाठी आले होते. शिवाय याच धंद्यात इराणातून आलेली मुसलमान कुटुंबेही होती. त्यामुळे 'इराणी हॉटेल' हे नाव एका धर्माचे नाही. ते मालकाच्या मूळ मुलखाचे नाव आहे.

धंद्याची रीत साधी होती. आधी आलेल्याने मागाहून येणाऱ्या गाववाल्याला बेकरीत किंवा दुकानात कामाला घ्यायचे. काही वर्षांनी त्याने भागीदार व्हायचे. एका हॉटेलात अनेक भागीदार असत आणि ते पाळीपाळीने कारभार पाहत. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळत, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, असे सांगितले जाते. सांगोवांगीत तथ्य किती ते असो. कोपऱ्याला दोन रस्ते लागतात आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक येते, हे कोणाही दुकानदाराला कळण्यासारखे आहे. धोबी तलावची कयानी (१९०४), त्याच परिसरातील ससानियन (१९१३), ग्रँट रोडची मेरवान (१९१४), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३), पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील गुडलक (१९३५) ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास एकट्या मुंबईत अशी साडेतीनशेच्या आसपास उपाहारगृहे होती, असा अंदाज नेहमी उद्धृत केला जातो.

येथे एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. परदेशी गेलेला माणूस हॉटेल काढतो तेव्हा तो सहसा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. आपल्याच मुलखातील एकट्यादुकट्या माणसांना घरचे जेवण देतो, नाहीतर यजमान समाजाला आपल्या मुलखाची चव विकतो. मुंबईतील खानावळी पहिल्या प्रकारच्या होत्या. गिरणगावात कोकणचा माणूस कोकणच्या बाईच्या खानावळीत आणि घाटावरचा घाटावरच्या खानावळीत जेवत असे. तेथे ताटाबरोबर गाव आणि जातही वाढली जाई. इराण्याने यांपैकी काहीच केले नाही. इराणात चहा बिनदुधाचा, साखरेच्या खड्याबरोबर पितात. येथे त्याने दुधाचा चहा केला. ब्रून, बनमस्का, खारी, मावा केक, आम्लेट-पाव यांत यझ्दचे असे थोडेच होते. ब्रिटानियातील बेरी पुलावासारखे अपवाद वगळता इराण्याच्या हॉटेलात इराण फारसा विकला गेलाच नाही.

चहा, पाव आणि सोवळे

इराण्याने विकलेल्या दोन्ही मुख्य वस्तू महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला नवख्या होत्या. चहाचा सर्वसामान्यांत प्रसार करण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९०३ च्या चहा-उपकरानंतर सुरू झाले आणि रेल्वे स्थानके ही त्या प्रचाराची मोठी केंद्रे ठरली. पाव तर त्याहून संशयास्पद. विहिरीत पाव टाकला आणि अख्खा गाव बाटला, ही वसई भागातील लोककथा आजही सांगितली जाते. परंतु नव्या वस्तूची एक सोयही असते. भाकरी कोणाच्या हातची, भात कोणाच्या चुलीवरचा, यांचे नियम पिढ्यानपिढ्या ठरलेले होते. बेकरीतल्या भट्टीतून निघालेल्या पावाचे आणि पितळी भांड्यात अखंड उकळणाऱ्या चहाचे तसे नव्हते. कर्मठ माणूस तो टाळू शकत होता, आणि टाळतही होता; पण इतरांना पळवाट मोकळी होती.

ही पळवाट किती अरुंद होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणावरून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधील एका समारंभानंतर न्या. रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह पुण्यातील अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी प्याले, कोणी नुसताच हात लावला. ज्या दिवशी चहा प्याला गेला त्या दिवशी काहीच घडले नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रातून छापून आणली, आणि मग ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचे वाद झाले. शाळेत आपण हा प्रसंग 'चहाचे प्रकरण' म्हणून शिकवितो. वस्तुतः तो चहाचा नव्हता, यादीचा होता. (टिळकांचे निधन १९२० साली मुंबईत झाले, तेही सरदारगृह या निवासगृहात. तीस वर्षांत नगरवासी माणसाचे बाहेर राहणे-खाणे किती बदलले, याची ही एक लहानशी खूण.)

इराण्याच्या टेबलाचे सामर्थ्य येथेच शोधले पाहिजे. तेथे यादी नव्हती. गिऱ्हाईक आत येई, रिकाम्या खुर्चीवर बसे. समोर अनोळखी माणूस आधीच बसलेला असे. पोऱ्या चहा ठेवून जाई. उठताना गल्ल्यावर पैसे दिले की व्यवहार संपला. बसणाऱ्याचे नाव, गाव, आडनाव विचारण्याचा प्रसंगच येत नसे. निस्सीम इझिकेल यांची इराणी हॉटेलातील सूचनाफलकावरची कविता (१९७२) इंग्रजीच्या प्राध्यापकांना परिचित आहे. धोबी तलावच्या बस्तानी हॉटेलातील पाटीवरून ती सुचली. त्या पाटीत मनाया पुष्कळ आहेत. त्यांत फार वेळ बसण्याला बंदी आहे. शेजारी कोण बसला आहे याला मात्र नाही.

बडोद्याची नोंदवही

एवढ्यावरून मालक परका असला की जात आपोआप विरते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो खोडून काढणारा पुरावा आपल्या इतिहासात फार दूर नाही. १९१७ साली परदेशातील शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. त्यांची ती हकिकत त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत आहे. हिंदू हॉटेलात जात लपवून राहणे त्यांना मान्य नव्हते आणि जात सांगून जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या विश्वासाने ते एका पारशी विश्रामगृहात गेले. वरच्या मजल्यावर पोचल्यावर तेथील राखणदाराने अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे पाहिले, आणि ते पारशी नाहीत हे उघड झाले. विश्रामगृह पारशांखेरीज कोणासाठी नव्हते. पण राखणदारालाही उत्पन्न हवे होते. अखेर नोंदवहीत पारशी नाव लिहून राहावे, अशी तडजोड निघाली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी त्यांना जाब विचारला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे, एक हिंदू व एक ख्रिस्ती, आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत काढला.

हे विश्रामगृह पारशांचे होते, इराण्यांचे नव्हे. आणि पारशी शतकानुशतके येथील समाजरचनेत मुरलेले होते. हा भेद खरा आहे. तरीही माझ्या मते निर्णायक भेद समाजाचा नसून व्यवहाराचा आहे. मुक्कामाच्या जागी नोंदवही असते. नोंदवहीत नाव लिहावे लागते आणि नाव लिहिले की माणूस सापडतो. चहाच्या टेबलावर नोंदवही नसते. डॉ. आंबेडकर त्या दिवसांत बडोद्यात एखाद्या कोपऱ्यावर दहा मिनिटे चहा प्याले असते, तर त्यांना कोणी उठविले नसते. दहा दिवस राहताच उठविले गेले. इराण्याच्या हॉटेलाने दिलेली मोकळीक ही त्या दहा मिनिटांची होती. तिला समता म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र ज्याला ती दहा मिनिटेही गावात कधी मिळाली नव्हती, त्याच्या लेखी ती क्षुल्लक होती, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

खानदेशच्या भूमीवरच घडलेला दुसरा प्रसंग याच टिपणांत आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर या भागात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावी उतरले. स्थानकापासून महारवाड्यापर्यंत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देण्यास हरकत नव्हती. अस्पृश्याचा सारथी होण्यास होती. शेवटी ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतील एक माणूस पुढे बसला. मोरीवर टांगा उलटला, डॉ. आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर आणि समितीचा सदस्य यांपैकी कोणतीही ओळख त्या स्थानकावर कामी आली नाही, कारण लहान गावात दुसरी ओळख आधी पोचलेली असते. मुंबईच्या कोपऱ्यावरील हॉटेल चाळीसगावात किंवा नशिराबादेत उचलून आणले असते, तरी ते तसेच चालले असते काय? मला तसे वाटत नाही. इराण्याला जितकी मालकाच्या परकेपणाची गरज होती, तितकीच गिऱ्हाइकाच्या अनोळखीपणाचीही होती.

कोल्हापूरचा चहा

मग जेथे सर्व सर्वांना ओळखतात तेथे काय? त्याचे उत्तर कोल्हापुरात मिळते. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. पुढे महाराजांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण मालक कोण हे साऱ्या शहराला ठाऊक असल्याने गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले. बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यावा लागे. महाराजांनी घेतलेला चहा नाकारायचा कसा, या पेचात सापडलेल्या सरदार-दरकदारांची कल्पना केली म्हणजे हसू येते, आणि लगेच हेही जाणवते की एका कपामागे एक अख्खे संस्थान उभे करावे लागले.

इराण्याच्या टेबलावर नाव झाकलेले राही म्हणून चहा पिता येई. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात नाव उघडे होते आणि तरीही चहा प्यायला लावला गेला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. पहिली नगराच्या नवलाईत जाते, दुसरी समाजसुधारणेच्या प्रकरणात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत, कारण पुढे राज्यघटनेने जे केले ते दुसऱ्या मार्गाचे आहे. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने तेथील मज्जाव दंडनीय ठरविला. त्याआधी १९४७ च्या मे महिन्यात अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी प्राण पणाला लावले होते. मंदिराच्या दाराविषयी आपण भरभरून लिहिले. हॉटेलाच्या दाराविषयी मात्र फार थोडे. वास्तविक माणूस मंदिरात क्वचित आणि हॉटेलात रोज जातो. आणि कायद्यानंतरही वेगळी कपबशी गावोगाव टिकून होती; बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम १९७० च्या दशकात हाती घ्यावी लागली, यातच सारे आले.

दरम्यान इराणी हॉटेले एकामागून एक बंद होत गेली. भागीदारांची मुले अन्य व्यवसायांत किंवा परदेशी गेली, जुन्या जागांची किंमत धंद्याहून मोठी झाली, काहींच्या जागी परमिट रूम आल्या. २०१० साली लंडनमध्ये 'डिशूम' नावाचे उपाहारगृह मुंबईच्या इराणी हॉटेलच्या धर्तीवर उघडले आणि त्याच्या शाखा निघाल्या. यझ्दच्या माणसाने मुंबईत मांडलेले टेबल भारतीय वंशाच्या माणसांनी लंडनला नेले. दीन महंमदांना जे दोनशे वर्षांपूर्वी साधले नाही ते यांना साधले. पण तेथे जागा आरक्षित करता येते, म्हणजे नाव द्यावे लागते.

एक प्रवास

एम.फिल.च्या कामासाठी मुंबईला पुराभिलेखागारात जाणे होई, तेव्हा दुपारी एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतून निघून धोबी तलावपर्यंत चालत जाण्याची मला सवय लागली होती. कयानीत गर्दीच्या वेळी टेबल स्वतंत्र मिळत नाही. एकदा समोर कोर्टातील एक वृद्ध कारकून आणि शेजारी टपाल खात्याचा शिपाई बसले होते. आम्ही तिघांनी पाऊण तास पावसाविषयी बोलणे केले. उठताना कोणी कोणाचे नाव विचारले नाही आणि ते विचारायचे राहून गेले, असेही मला वाटले नाही. गावाकडच्या माणसाला ही गोष्ट उमगायला वेळ लागतो.

त्या रात्रीच्या गाडीने पहाटे भुसावळला उतरलो आणि नशिराबादेत महामार्गाच्या कडेच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने न सांगता माझा चहा कमी साखरेचा केला. त्याला मी, माझे वडील आणि आमची गल्ली ठाऊक आहे. त्याच बसमधून पाठीवर पिशवी घेतलेला एक तरुण उतरला होता. सर्वांना कागदी कपातच चहा मिळत होता, त्यालाही मिळाला.

"कोणत्या गावचे भाऊ?" टपरीवाल्याने विचारले. त्याने गाव सांगितले.

"त्या गावात कोणाचे?"

तरुणाने सुटे पैसे मोजून फळीवर ठेवले आणि गावाचेच नाव पुन्हा एकदा सांगितले.